झिबल आणि उन्हाळखेडची बर्फहॉकी

उन्हाळखेड नावाच्या शहरात झिबल नावाचा एक भोळा गडी राहत होता. शहर म्हणायचं, कारण तिथे नगरपालिका होती. बाकी उन्हाळा एवढा की एप्रिलमध्ये कावळेसुद्धा दुपारी पाणपोईच्या सावलीत उभे राहत आणि माणसांना जागा देत नसत.

झिबल वाईट नव्हता. आळशी तर अजिबात नव्हता. त्याच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची, पण ती अशी घट्ट बसायची की दुसरी आल्याशिवाय हलायची नाही.

तो तात्यासाहेब गावंड्यांच्या बर्फाच्या कारखान्यात रोजंदारीवर होता. त्याला शेवंताशी लग्न करायचं होतं. शेवंताही तयार होती. अडला होता तिचा बाप उकंडराव. तो म्हणे, "पोरगा कामावर पक्का झाला का पोरगी दिली समजा. रोजंदारीवाल्याले मी पोरगी देत नाई."

त्याच सुमारास तात्यासाहेबांच्या डोक्यात बर्फहॉकी शिरली. देशात बर्फावरच्या हॉकीची मोठी स्पर्धा निघणार होती आणि कोणत्या शहरांना संघ द्यायचे हे एक समिती ठरवणार होती. सगळ्या थंड गावांनी अर्ज केले. तात्यांनीही केला. लोक हसले. तात्या म्हणाले, "बर्फ थंड गावात बेवारशी पडून राह्यते. त्याची खरी कदर आपल्याच गावाले हाये." हे म्हणणं तसं खोटं नव्हतं.

त्यांनी झिबलला बोलावलं. "संघ भेटला तर मैदानाच्या बर्फाची राखण तुह्याकडे. पक्की नोकरी. पन सांगितलं तसंच कराचं."

"हाव जी," झिबल म्हणाला. इथेच सगळं बिघडलं, कारण तो सांगितलं तसंच करायचा.

गावातल्या चार प्रतिष्ठितांना बर्फ दाखवायचा म्हणून तात्यांनी त्याला कारखान्यात पाठवलं. "एक लादी डोक्यावर घेऊन ये. वाटेत थांबू नको."

झिबल लादी डोक्यावर घेऊन निघाला. वाटेत कुठेही थांबला नाही. तात्यांच्या दारात आला, तर तात्या आत वामकुक्षी घेत होते. दारात थांबायचं की नाही हे कोणी सांगितलेलं नव्हतं. म्हणून झिबल घराभोवती फिरत राहिला. तात्या उठून बाहेर आले तेव्हा त्याच्या डोक्यावर फक्त लादीखाली बांधलेलं ओलं टापर होतं आणि अंगणात फेऱ्यांची ओली वाट उमटली होती.

"अबे, लादी कोठी हाये?"

"निघालो तवा होती जी."

तात्यांनी कपाळाला हात लावला. "बावळटा, थंड चीज आली का भुशात घालाव, वरून गोणपाट गुंडाळाव आन् अंधाऱ्या खोलीत ठेवाव. मंग ते टिकते. समजलं?"

"हाव जी. आता ध्यानात ठेवतो."

आणि झिबलनं ध्यानात ठेवलं.

पुढच्या आठवड्यात गावातल्या पोरांना हा खेळ शिकवायला लडाखहून स्टॅन्झिन सर आले. गृहस्थ मोठे सज्जन, पण उन्हाळखेडच्या स्टेशनावर उतरले आणि तिथेच बाकावर बसले. तात्यांनी झिबलला पाठवताना बजावलं होतं, "थंड मुलखातला माणूस हाये. जपून आन."

झिबलनं जपून आणलं. कारखान्यातला सगळ्यात बारीक भुसा चाळून घेतला. सरांना गळ्यापर्यंत त्यात बसवलं. वरून गोणपाट गुंडाळलं, सुतळीनं बांधलं आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत ठेवून दिलं. सरांना वाटलं, या गावात पाहुण्यांचं स्वागत असंच करत असतील. आपण नाही म्हटलं तर यजमानाला वाईट वाटेल.

संध्याकाळी तात्या हार घेऊन आले. "सर कोठी हायेत?"

"हे काय जी," झिबल पोत्याकडे बोट दाखवून अभिमानानं म्हणाला. "एक थेंब गळला नाई."

तात्यांच्या हातातला हार खाली पडला. सरांना बाहेर काढलं, झटकलं. खरं सांगायचं तर सर फारसे रागावले नाहीत. या गावात आल्यापासून जरा बरं वाटलं ते तिथेच, असं ते म्हणाले, आणि रोज दुपारी तासभर तिथे बसता येईल का असंही त्यांनी हळूच विचारलं. पण तात्यांची लाज गेली ती गेलीच.

"अबे, थो बर्फ होता आन् हा मानूस हाये. आलेल्याले असं कोंबत नाईत. ओसरीवर बसवाव, पंखा लावाव, पाय धुवाले कोमट पानी द्याव, मंग गरम चहा पाजाव. समजलं?"

"हाव जी. आता ध्यानात ठेवतो."

आणि झिबलनं ध्यानात ठेवलं.

मग मैदानाचं काम निघालं. तात्यांनी सरकीच्या जुन्या गोदामात गारवा करणारं यंत्र बसवलं. खाली लाद्या अंथरायच्या, वर पाणी सोडून गोठवायचं, असा बेत होता. तात्या बाहेरगावी निघाले आणि जाताना म्हणाले, "उद्या लाद्या येतीन. आल्या का नीट पाह्य."

लाद्यांचा ट्रक आला. झिबलनं सगळ्या लाद्या ओसरीवर ओळीनं बसवल्या. पंखा लावला. पाय धुवायला कोमट पाणी आणलं. लाद्यांचे पाय कोणत्या बाजूला असतात ते कळेना, म्हणून चारही बाजूंनी घातलं. मग गरम चहाची किटली आणली आणि एकेका लादीला अदबीनं विचारलं, "घेता का जी?"

एकही लादी नाही म्हणाली नाही.

तात्या परतले तेव्हा ओसरीवरून चहाच्या रंगाचा ओहोळ वाहत होता आणि गल्लीतली कुत्री तो चाटत होती.

तात्यांनी आधी कुत्री हाकलली. मग अगदी मऊ आवाजात बोलले. ते मऊ बोलू लागले की कारखान्यातले लोक लांब जाऊन उभे राहत. "झिबल. आता शेवटचं सांगतो. बर्फ आत गेला का दार लावाव. कुलूप घालाव. बाहेरची गरम हवा आत नाई आली पाह्यजे. कोनी किती बी बोंबलला तरी उघडाचं नाई."

"मालक, लग्नाचं..."

"थे मैदानावर हाये सारं."

झिबलनं तेही ध्यानात ठेवलं.

नव्या लाद्या आल्या, अंथरल्या, गोठल्या. मैदान असं झालं की स्टॅन्झिन सरांचे डोळे भरून आले. पोरं पडत-झडत घसरायला शिकली. तात्यांनी सराव सामना ठेवला आणि सगळ्या गावाला आमंत्रण दिलं. भर दुपारी सारं गाव गोदामासमोर जमलं. आत बर्फ. आत झिबल. दाराला आतून कुलूप.

"अबे, उघड," तात्या बाहेरून ओरडले.

"बर्फ आत हाये जी."

"थे माहीत हाये मले. मी तात्या हाये."

"आवाजावरून ओळखलं जी. पन तुमीच म्हनलं, कोनी किती बी बोंबलला तरी."

लोकांनी तासभर उन्हात वाट पाहिली. मग ज्याला जे सुचलं ते तात्यांना बोलून सगळे घरी गेले. उकंडराव जाताना म्हणाला, "जावयाचा आवाज आयकला. तोंड काई दिसलं नाई."

नेमकं त्याच वेळी समितीचं उत्तर आलं. बर्फाबद्दल समितीची खात्री पटली होती. प्रश्न एवढाच उरला होता की अशा तापत्या गावात लोक सामने पाहायला येतील का. ते पाहायला समितीचे नाडकर्णी साहेब स्वतः येणार होते. गोदाम भरलं तर संघ मिळणार, नाहीतर नाही.

आणि गाव तर रुसून बसलेलं.

तात्यांनी झिबलला समोर बसवलं. ते रडवेले झाले होते. मला वाटतं, त्या दिवशी त्यांची कीव न येणारा माणूस उन्हाळखेडमध्ये नसेल. "आयक लेका. बर्फ, कुलूप, सारं इसर. लोक मोठे. लोक खुश तं संघ आपला. उन्हातून आलेल्या एकेक मानसाले आत घे, नीट बसव, हातात कायतरी थंडगार दे. एक बी मानूस रिकाम्या हातानं राह्यला नाई पाह्यजे. आज तुह्यं लग्न तुह्याच हातात हाये."

"हाव जी," झिबल म्हणाला. लग्नाचं नाव निघाल्यामुळे ही गोष्ट त्याच्या डोक्यात आधीच्या सगळ्यांपेक्षा घट्ट बसली.

तात्या साहेबांना आणायला स्टेशनावर गेले. स्टॅन्झिन सर पोरांना जाडजूड कपडे चढवण्यात गुंतले. त्या कामाला लग्नातल्या नवरीपेक्षा जास्त वेळ लागतो. मैदानाभोवती तात्यांनी मोठा पडदा लावला होता. साहेबांनी दोरी ओढायची, पडदा सरकायचा आणि सामना सुरू व्हायचा.

झिबल गावभर फिरला. घरोघरी हात जोडून सांगत सुटला, "या जी. दार उघडं हाये. हातात थंडगार भेटन." चैत्र सरत आलेला, ऊन पेटलेलं. रुसवा विसरून सारं गाव लोटलं. गोदाम खचाखच भरलं. तात्यांनी दारात ठेवलेलं पन्ह्याचं पिंप पहिल्या दोन ओळींतच रिकामं झालं आणि माणसं तर अजून येतच होती.

साहेबांची गाडी आली तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब थक्क झाले. कोणी बाहेर जायला उठत नव्हतं, कोणी भांडत नव्हतं, सगळ्यांचे चेहरे प्रसन्न. पहिल्या रांगेत उकंडराव बसला होता. त्याची जीभ हिरवीगार झाली होती आणि शेजारच्याला तो सांगत होता, "जावई मनाचा मोठा हाये."

"गावंडे," साहेब म्हणाले, "मी थंड शहरं पाहिली. तिथे निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. इथे तर अख्खं गाव आलंय. माझ्याकडून संघ तुमचा. आता फक्त तेवढा सामना सुरू करा."

तात्यांना गहिवरून आलं. त्यांनी सगळ्यांसमोर झिबलला जवळ ओढलं आणि म्हणाले, "तू आजपासून पक्का."

साहेबांनी दोरी ओढली. पडदा सरकला.

आत ओली फरशी होती. फरशीवर गावातले सगळे गोळेवाले आपापले बर्फ किसायचे रंधे पुसत बसले होते.

साहेबांनी वाकून फरशीला बोट लावून पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, "मैदान कुठे आहे?"

"वाटून टाकलं जी," झिबल म्हणाला. "पन्हं संपलं होतं. पन सांगितलं तसंच केलं. एक बी मानूस रिकाम्या हातानं नाई."

त्यानं मागे ठेवलेला गोळा अदबीनं साहेबांपुढे धरला. वर काळं सरबत जरा जास्तच घातलं होतं.

"हा तुमचा घ्या जी. गोलच्या तोंडासमोरचा तुकडा हाये. तिथला बर्फ लय चांगला होता."