तिसऱ्या घाटाचं उद्घाटन

ज्या वर्षी मोहाला दोनदा फुलं आली आणि ओढ्याला एकदाही पाणी आलं नाही, त्या वर्षीची ही गोष्ट. जांभूळरानात साल आकड्यांत मोजत नसत. वणव्याचं साल, टोळांचं साल असं म्हणत. हे साल पुढे घाटांचं साल म्हणून लक्षात राहिलं.

त्या रानात भूपतराव नावाचे एक गवे राज्य करत. ते रीतसर निवडून आले होते. त्यांच्याविरुद्ध एक ससा उभा होता. मतमोजणीच्या आदल्या दिवशी त्याची तब्येत बिघडली. भूपतरावांनी जनतेला पाणी देण्याचं वचन दिलं होतं. निवडून आल्यावर पाहिलं, तर पाणी नव्हतं. मग त्यांनी पाण्याऐवजी शिस्त दिली. रानात एकच डोह उरला होता. त्याच्या एका अंगाला नरघाट बांधला, दुसऱ्या अंगाला मादीघाट, आणि खंडू नावाच्या रानडुकराला नाकेदार नेमलं. सरकारी बातम्या सांगणारी साळुंखी फांदीवरून म्हणाली, "आपल्या हजारो वर्षांच्या परंपरेला आज पुन्हा मानाचं स्थान मिळालं आहे."

हे ऐकून सगुणाबाई लांडोरीला जरा नवल वाटलं. रानातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या त्याच. राजे किती पाहिले ते मोजणं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. त्यांच्या लहानपणी डोहाला घाट नव्हते, नुसता काठ होता. संध्याकाळी सगळी जनावरं चिखल तुडवत एकदमच उतरत. कुणाचं शेपूट कुणाच्या पायाखाली येई, भांडणं होत, सोयरिकीही तिथंच जमत.

"ही हजारो वर्षं माझ्या जन्मानंतर सुरू झालेली दिसतात," त्या शेजारच्या भेकरीला म्हणाल्या.

"हळू बोला, सगुणाबाई. साळुंखी वरच बसलीये."

सगुणाबाई पिसं साफ करू लागल्या. खरं म्हणजे घाटांचा त्यांना काही त्रास नव्हता. मादीघाटावर त्यांना मान होता, पहिली चोच त्यांची असे. ज्याला जाच होत नाही, त्याला कुठलाही नियम चांगलाच वाटतो.

मग त्यांना पिसारा फुटला.

लांडोर फार म्हातारी झाली की कधीकधी असं होतं. आधी मान निळी झाली, मग मागे एकेक डोळ्याचं पीस येत गेलं, आणि उन्हाळा लागेपर्यंत मोराला लाजवेल असा पिसारा जमिनीवर लोळू लागला. निसर्गाला यात काही वावगं वाटत नाही. खंडूला वाटलं.

"मोरोबा, नरघाट पलीकडं आहे," तो म्हणाला.

"अरे खंडू, मी सगुणा. तू चिखलात रुतला होतास तेव्हा तुझ्या आईला हाक मारायला कोण गेलं होतं?"

"ओळखतो की मी. पण हे मागचं कुणाचं?"

"माझंच."

"मग तुम्ही मोर. माझ्या हातात काही नाही, बाई." आणि मग जरा विचार करून तो म्हणाला, "बाई नाही, बुवा."

नरघाटावर तरणे मोर पाणी पीत होते. "या आजोबा, जरा नाचून दाखवा, मग प्या," एक जण म्हणाला आणि बाकीचे हसले. सगुणाबाई तहानलेल्याच परतल्या. मादीघाटावरच्या भेकरीनं त्यांना पाहिलं आणि पाण्यात स्वतःचं तोंड निरखायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी त्या वारुळामागे गेल्या. तिथं "आम्हीपण मंडळ" होतं. मंडळ नवं होतं, इतकं नवं की फलक होता आणि कार्यालय नव्हतं. मंडळात झुंबर नावाची तरस होती. जन्मली तेव्हा सगळ्यांनी तिला नर धरलं होतं. ती स्वतःला मादी म्हणे, मंडळही तसंच म्हणे, म्हणून आपणही तसंच म्हणू. दोन्ही घाटांवरून तिला हाकलत. दोन धनेश होते, दोघेही नर, एकाच ढोलीत संसार करणारे. नरघाटावर त्यांनी जोडीनं उतरू नये असा हुकूम होता, आणि जोडी सोडून ते पाणी पीत नसत. आणि एक गोगलगाय होती. ती नरही होती आणि मादीही. खंडूनं तिला सांगितलं होतं, "एकदा काय ते ठरव आणि ये." ती ठरवत नव्हती, कारण ठरवण्यासारखं काही नव्हतं.

"बसा आजी," झुंबर म्हणाली. "पिसारा जपून टेका, गोगलगाय आहे तिथं."

"तुम्ही पाणी कुठलं पिता गं?"

"गवे चालून गेले की खुरांच्या खड्ड्यात थोडं झिरपतं, ते."

सगुणाबाई त्या दिवशी पहिल्यांदा खुरातलं पाणी प्यायल्या. त्याला राज्यकर्त्यांच्या पायांची चव होती.

मंडळ प्रधानांकडे गेलं. प्रधान आबासाहेब मुंगूस अतिशय गोड बोलत. "तुमच्याबद्दल सरकारला प्रचंड आदर आहे," ते म्हणाले. "आपण कोण आहोत हे सांगण्याचा हक्क प्रत्येक प्राण्याला आहे. फक्त ते खरं आहे का, एवढं समिती ठरवेल."

"समितीत कोण आहे?" थोरल्या धनेशानं विचारलं.

"दोन नर आणि दोन माद्या. समतोल राखला आहे."

"आणि तोवर पाणी?"

"तोवर आदर घ्या," आबासाहेब म्हणाले.

याच सुमारास राणीसाहेब व्यायल्या. आता जांभूळरानात एक जुनी रीत होती. वासरू जन्मलं की तरसानं दारात येऊन हसायचं. ते हसलं की वासराला दीर्घायुष्य लाभतं अशी सगळ्यांची श्रद्धा होती; वासराला काय वाटे ते कुणी विचारलं नव्हतं. हसून झालं की तरसाला लांबूनच खाऊ टाकत आणि दार लावून घेत. झुंबरच्या आईनं, आजीनं हेच केलं होतं. वाड्यावरून बोलावणं आलं.

झुंबर गेली, दारात उभी राहिली आणि हसली नाही.

"हस की," आबासाहेब म्हणाले.

"घसा कोरडा आहे, आबासाहेब. डोहावर उतरू द्या, मग पोटभर हसते."

"हा राजद्रोह आहे."

"मग राजद्रोह्याचा आशीर्वाद कशाला हवा?"

आबासाहेबांनी नकला करणाऱ्या कोतवाल पक्ष्याला आणलं. त्यानं हुबेहूब तरसाचं हसू काढून दाखवलं. राणीसाहेबांनी एका कानानं ऐकलं आणि म्हणाल्या, "हा कोतवाल आहे. माझ्या लेकराच्या जिवाशी खेळता काय?" त्यांनी वैरण सोडली. भूपतराव घाबरले. निवडणुकीत त्यांना कुणी घाबरवू शकलं नव्हतं, पण घरात वेगळं असतं.

मग एकाएकी तिसऱ्या घाटाचा हुकूम निघाला. खडकातून पायऱ्या कोरल्या, कमान उभी राहिली. साळुंखी रोज ओरडू लागली, "ना नर, ना मादी, सर्वांची आबादी." झुंबरचा विश्वास बसला. धनेशांचाही बसला. सगुणाबाईंना वय आड आलं, पण पोरांचे उजळलेले चेहरे पाहून त्यांनी तोंड उघडलं नाही. सरकारनं त्यांनाच आभाराचं भाषण करायला सांगितलं होतं, कारण त्या ज्येष्ठ होत्या आणि आता दिसायलाही चांगल्या होत्या.

उद्घाटनाला सगळं रान लोटलं. राणीसाहेब वासराला घेऊन आल्या. भूपतरावांनी शिंगांनी वेल तोडली आणि म्हणाले, "काही लोक विचारतात, या चारदोन जिवांसाठी एवढा खर्च कशाला? मी त्यांना सांगतो, खर्च हा खर्च असतो. तो कुणासाठी झाला हे पाहू नये."

टाळ्या झाल्या. झुंबर पायऱ्या उतरू लागली. शेवटच्या पायरीवर थांबली. तिथं पाणी नव्हतं. घाट डोहाच्या वरच्या अंगाला, टेकाडावर बांधला होता, आणि खाली तडकलेली माती होती.

"घाट पूर्ण झाला आहे," आबासाहेब वरून म्हणाले. "पाण्याला तत्त्वतः मंजुरी आहे."

झुंबरनं मातीकडे पाहिलं, कमानीकडे पाहिलं, आणि तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. ती पायरीवर बसून हसू लागली.

"गप, झुंबर, गप बस गं," सगुणाबाई म्हणाल्या. पण तरसाचं हसू आवरत नसतं.

"आशीर्वाद मिळाला," साळुंखी ओरडली. "समाधानी लाभार्थ्याचं मनमोकळं हसू." राणीसाहेबांनी वासराला चाटलं. भूपतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं; रानात त्या वर्षी वाढलेलं पाणी तेवढंच. मंडळाकडे देण्यासारखी एकच गोष्ट होती, ती फुकट गेली होती. झुंबरला हे कळलं तेव्हा ती हसायची थांबली आणि तोंड पायांत घालून बसली. तेवढ्यात गोगलगाय पोचली आणि म्हणाली, "सुरू झालं का?"

"आता सगुणाबाई आभार मानतील," आबासाहेब म्हणाले.

सगुणाबाई पुढे आल्या. "भाषण मला येतं," त्या म्हणाल्या, "पण घसा ओला केल्याशिवाय जमायचं नाही. आलेच." आणि त्या टेकाड उतरून चालू लागल्या. नरघाटाला गेल्या नाहीत, मादीघाटाला गेल्या नाहीत. दोहोंच्या मध्ये चिखल होता, तिथं त्या पिसारा लोळवत उतरल्या आणि चोच पाण्यात घातली.

खंडू धावत आला. "बाई, बुवा, तिथं घाट नाही."

"नाहीच. हा काठ आहे. मी पिलू असताना इथंच प्यायची."

"तिथं प्यायला परवानगी नाही."

"बंदी तरी आहे का? विचारून ये, मी पितेय तोवर."

खंडूनं आबासाहेबांकडे पाहिलं. आबासाहेबांनी मनातल्या मनात सगळा कायदा फिरवून पाहिला. कुठल्या घाटावर कुणी उतरायचं ते त्यात सविस्तर होतं. काठाविषयी एक शब्द नव्हता. काठ आहे हेच सरकार विसरलं होतं.

तोवर धनेश जोडीनं उतरले. एक चितळ आपल्या मादीला म्हणाला, "चल गं, इथं रांग नाही." कित्येक दिवसांत ती दोघं एकत्र पाणी प्यायली नव्हती. झुंबरही उठली. तिच्यामागोमाग, कायदा न शिकलेलं राजाचं वासरू आईला सोडून डुगडुगत गेलं आणि तिच्या शेजारी चिखलात गुडघे टेकून पाणी पिऊ लागलं. आता पकडायचं तर राजपुत्रापासून सुरुवात करावी लागली असती. खंडूनं टेहळणीसाठी आकाशाकडे पाहिलं.

भेकर सगळ्यांत शेवटी आली. "पिसारा शोभतो हो तुम्हाला," ती म्हणाली.

"पाणी पी आधी," सगुणाबाई म्हणाल्या.

पुढे भूपतराव पुन्हा निवडून आले. काठावर त्यांनी फलक लावला, "भूपतरावांच्या संकल्पनेतून." आबासाहेब परक्या रानांत समतेवर व्याख्यानं देतात. खंडूची बदली तिसऱ्या घाटावर झाली. कोरड्या पायऱ्या कुणी चोरून नेऊ नये म्हणून तो तिथं बसतो. धनेशांनी वादळात पोरकं झालेलं एक पिलू वाढवलं. सरकारदरबारी ते दोघे अजून एकमेकांचे "परिचित" आहेत. गोगलगाय समितीसमोर हजर झाली, तोवर समितीची मुदत संपली होती. मुदत वाढवून मिळाली, तोवर ती परत निघाली होती. झुंबर एका पोटनिवडणुकीला उभी राहिली आणि सशाकडून पडली. बाळंतपणाला तिला अजून बोलावतात, अजून दार लावून घेतात, पण आता काही घरी आधी पाणी विचारतात.

सगुणाबाई पुढच्या थंडीत गेल्या. त्यांना लांडोर म्हणून न्यायचं की मोर म्हणून, यावर रानात वाद झाला. मंडळानं त्यांना सगुणाबाई म्हणून नेलं.

त्या उद्घाटनाचा दिवस आता समता दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी सरकारी सुटी असते, आणि सुटी असल्यामुळे डोह बंद असतो.