रुसलेला पाहुणा आणि अर्धी करवंटी

एका पेठेत बसलिंगशेट नावाचा सराफ होता. वाटेत चोरांचं भय, म्हणून पेठेत येणारे लोक पैसे आधी आपापल्या गावच्या सराफाकडे भरत. तो सराफ एक करवंटी फोडायचा. एक तुकडा पैसे भरणाऱ्याच्या हाती द्यायचा, दुसरा बैलांच्या तांड्याबरोबर बसलिंगशेटकडे पाठवायचा. पेठेत दोन्ही तुकडे जुळले की शेट तिजोरी उघडून तेवढे पैसे द्यायचा. सगळ्या पेठेचा पैसा त्याच तिजोरीत होता.

शेट भलता कडक. पण लेक नीलव्वाच्या सासरचं माणूस दिसलं, की बिचाऱ्याची मान खाली ती खालीच.

चोरांच्या एका टोळीनं तिजोरीचं कुलूप पाहिलंच नाही. त्यांनी शेटची ही मान पाहिली.

एके दुपारी भल्यामोठ्या पागोट्याचा एक पाहुणा दोन नोकरांसह आला. मी तुमच्या नीलव्वाच्या सासूचा थोरला भाऊ, म्हणाला. लग्नाच्या गर्दीत कोण कोण होतं ते कुणाला आठवतंय? शेटनं पाय धुवायला पाणी दिलं, पुरणपोळीचं ताट वाढलं. पाहुण्यानं पोळ्यांचा ढीग संपवला नि बहिणीनं भरलेले पैसे मागितले. शेटनं हळूच करवंटीची चौकशी केली.

पाहुण्यानं तुपाची वाटी सरकवली. "सोयऱ्याकडे करवंटी मागता? नीलव्वाला सांगतो, तुझ्या बापाला आम्ही चोर वाटतो."

शेटला वाटलं, लेकीला आता सासरी रोज टोमणे. हात कनवटीच्या किल्लीवर गेला. तेवढ्यात समोरची दुकानं दिसली. कासार, तांबोळी, बांगडीवाली, सगळ्यांची कमाई आत. त्यानं हात जोडले.

"पाहुणे, तुम्ही खुशाल रुसा. धोतर देतो, पागोटं देतो, पाया पडतो. पण तिजोरी माझी नाही, पेठेची आहे. तुकडा आणा."

पाहुणा रुसून गेला. जाताना नोकरांनी पितळी तांब्या तेवढा नेला.

शेटला चैन पडेना. शेवटी लाडवांची टोपली घेऊन तो विहीणबाईंची माफी मागायला गेला. पाहुणा कसा रुसला ते त्यांना सांगितलं.

"माझा थोरला भाऊ? अहो, घरात थोरली मीच. पण त्या मेल्यानं पोळ्या खाल्ल्या किती, ते तरी सांगा."

पुढं व्याही स्वतः पैसे न्यायला आले. त्यांनी जोडे काढायच्या आधी उंबऱ्यावर तुकडा ठेवला.

"शेट, आधी हे जुळवा. पाणी मग द्या."

तात्पर्य: चारचौघांची ठेव सांभाळणाऱ्यानं खूण सगळ्यांना सारखीच मागावी. आपला माणूस रुसला तर समजूत घालता येते. चोरानं नेलेलं परत मागता येत नाही.