राखेत निजलेल्या बिया

त्या मुलुखात वेलींच्या बिया दर हंगामाला थोड्याथोड्या पोचट होत जात, आणि ही गोष्ट वेलींपेक्षा त्यांच्या शेजारणींच्या जास्त ध्यानात असे.

तिथे घोसाळी नावाची एक वेल होती. तिला बुरुजावर चढून पलीकडचं बघायचं होतं. आणि तिला आईही व्हायचं होतं, अगदी मनापासून. पण मातीच मनाजोगी मिळेना. एकदा मुरमाड जमिनीचं स्थळ सांगून आलं. ते सकाळपासून दुपारपर्यंत स्वतःच्याच कसाबद्दल बोललं. पुढचा आला तो चिखल. बोलायला गोड, पण त्याच्यात मुळं कुजली असती.

"किती गं चिकित्सा!" शेजारची कारलीमावशी करवादली. "शेवटी माती ती माती."

"मावशी, रुजायचं मला आहे ना?"

उत्तर झोकात दिलं खरं, पण त्या संध्याकाळी घोसाळीने एक बी हलवून पाहिली. आत खुळखुळ वाजलं. पोचट! तिने घाईघाईने बाकीच्याही हलवून पाहिल्या.

बुरुजाच्या पायथ्याशी राखेचं एक मडकं असे, म्हातारं आणि फटकळ. बिया राखेत जपशील का, असं घोसाळीने विचारल्यावर ते म्हणालं, "निजवीन. पण उठवणं माझ्या हातात नाही. सगळ्या उठतील असं समजू नकोस, बाई." घोसाळीने भरीव बिया निवडून राखेत ठेवल्या. शेवटची ठेवताना तिला रडू आलं.

"अगंबाई, राखेत का कुणी लेकरं ठेवतं!" मावशीने गावभर केलं.

घोसाळी मात्र चढत राहिली. जुनी पानं खाली गळत, नवी वर फुटत. बुरुजावरून तिने नदी पाहिली, वाऱ्याशी मनसोक्त भांडली, मजेत राहिली. मग एका हंगामात तिला फुलं आली नाहीत. तिने वाकून खाली पाहिलं. इतक्या वर्षांची गळलेली पानं पायथ्याशी कुजून काळीभोर, मऊ, उबदार झाली होती.

"अय्या, ही तर माझीच माती!"

तिने मडकं उघडलं आणि सगळ्या बिया तिथे पेरल्या. मावशी तोंड सज्ज ठेवून रोज येऊन बसायची. बऱ्याच बिया उठल्याच नाहीत. घोसाळी त्यांच्यासाठी रडली, मावशीला न लपवता.

मग एका सकाळी माती उचलली गेली. हिरवी मान वर आली, डोक्यावर बीचं काळं टरफल तसंच, त्याला राख माखलेली. मावशीने तयार ठेवलेलं तोंड मिटलं. जरा पुढे सरकून ती हळूच म्हणाली, "टोपडं बरीक छान बसलंय गं हिला."