शमवेलबाबाची टोपली

फार जुनी गोष्ट आहे, पण खोटी नाही. शमवेलबाबा मेंढपाळाची बांडी नावाची शेळी बाभळीच्या शेंगांसाठी कुंपणावरून उडी मारून गेली आणि कोरड्या विहिरीत पडली. पाय मोडला. वर पाहते तो बाबा आधीच काठावर उभा, हातात दोर बांधलेली टोपली.

"मी पडणार हे तुला ठाऊक होतं ना? मग पाडलंस तूच," बांडी फणकारली.

"ठाऊक होतं म्हणून टोपली आणली. उडी तू मारलीस, बये."

"मग दाव्याला का नाही बांधलंस?"

"बांधलेली शेळी आपणहून माझ्याजवळ राहिली, असं मी म्हणत नाही."

"आता टोपलीत बसेन का, तेही ठाऊक असेल?"

"आहे की. पण बसायचं तुलाच."

बांडी बराच वेळ रुसली, मग लंगडत टोपलीत शिरली. वर आली तेव्हा तिच्या पायासाठी हळद कालवलेली होती. बाबाने ती सकाळीच कालवून ठेवली होती.