अंतोबांचा फोन

"म्हणजे माझं पत्र लोक कचऱ्यात टाकतात?" भाऊमहाराजांनी विचारलं.

सौमित्र चपापला. मठाचं रोजचं ईमेल तोच पाठवायचा. महाराजांचे दोन शब्द, भल्या सकाळी, घरोघरी. यादी त्यानेच वाढवली होती आणि त्याचा त्याला भारी तोरा होता. आता मात्र पत्रं पोचेनाशी झाली होती. अंथरुणाला खिळलेली माणसं फोन करून विचारत होती, आमचं काही चुकलं का?

लोक नव्हे, ईमेलची गाळणी अडवते, असं त्याने समजावलं. काहींनी ‘स्पॅम’चं बटण दाबलं, म्हणून तिला आता मठाच्या सगळ्याच पत्रांचा संशय. नव्या पत्त्यावरून पाठवलं की तिला चकवता येईल.

"बटण कोणी दाबलं?"

"असतील कोणी नतद्रष्ट."

महाराजांनी उशाखालून एक जुना फोन काढला. सौमित्रने तो लगेच ओळखला. लहानपणापासून महाराजांच्या सोबतीला असलेले, मठाची चूल सांभाळणारे अंतोबा पौषात गेले. त्यांचा तो फोन.

"वाच."

"नमस्कार अंतोबा," सौमित्र वाचू लागला. "आज आनंदात आहात ना..."

पुढे त्याला वाचवेना. खाली महाराजांचं नाव होतं.

"रोज सकाळी वाजायचा. बंद कसं करायचं ते शोधलं, दिसेना. मग जे बटण दिसलं ते दाबलं. त्यातला एक नतद्रष्ट मी."

सौमित्रची मान खाली गेली. ‘पत्र नको असल्यास इथे दाबा’ ही ओळ त्यानेच तळाशी, फिकट बारीक अक्षरांत दडवली होती. यादीतलं कोणी कमी होऊ नये म्हणून. असे फोन आणखी किती घरांत वाजत असतील?

"मग थांबला का, महाराज?"

"थांबला..." महाराज खिडकीकडे बघत राहिले. "दुसऱ्या सकाळी वाजला नाही. मग मीच ते पत्र कचऱ्यातून परत वर आणलं. आता पुन्हा वाजतो."

सौमित्रने लॅपटॉप उघडला. तिथेच बसून त्याने ती ओळ पत्राच्या माथ्यावर, ठळक अक्षरांत आणली. मग यादीत अंतोबांच्या नावापाशी येऊन थांबला.

"काढू?"

महाराज उपरण्याने फोन पुसत होते. बराच वेळ पुसत राहिले.

"काढ... आणि उद्या सकाळी हा वाजला नाही, की माझ्याजवळ येऊन बस."