टिकलीचा पडदा

एक होती पाल. एवढीशी, बोटाच्या पेराएवढी. नाव तिचं टिकली.

टिकली राहायची बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या पडद्यामागे. पडदा होता जुना, विटका. पण टिकलीचं घर होतं ते.

एक दिवस बाबांनी पडदा धुवायला ओढला. टर्रर्र! पडद्याची झाली दोन पोतेरी.

आता टिकली लपणार कुठे? समोर तारेवर कावळा. त्यानं तिला बघितलं. "काव!"

टिकली गेली दांडीकडे. सुर्र सुर्र.

"दांडी, दांडी, पडदा घाल.
टिकलीला लपायला जागा मिळेना!"

"काका शिवतील तर मी घालीन."

कावळा तारेवरून फांदीवर. टुण्!

टिकली गेली शिंपीकाकांकडे. सुर्र सुर्र. काकांच्या तोंडात टाचण्या.

"काका, काका, पडदा शिवा.
दांडी घालीना,
टिकलीला लपायला जागा मिळेना!"

"वहिनी कापड आणतील तर मी शिवीन."

वहिनी म्हणजे आपली आई बरं का.

कावळा फांदीवरून छज्ज्यावर. टुण्!

टिकली गेली आईकडे. सुर्र सुर्र. आई कांदा चिरत होती.

"आई, आई, कापड आण.
काका शिवीनात,
दांडी घालीना,
टिकलीला लपायला जागा मिळेना!"

"बाबा खिडकी मोजतील तर मी आणीन."

कावळा छज्ज्यावरून खिडकीत. टुण्!

टिकली गेली बाबांकडे. सुर्र सुर्र. बाबा टेप शोधत होते. टेप त्यांच्या गळ्यातच होता.

"बाबा, बाबा, खिडकी मोजा.
आई आणीना,
काका शिवीनात,
दांडी घालीना,
टिकलीला लपायला जागा मिळेना!"

"आजी रंग सांगेल तर मी मोजीन."

रंगाचा आणि मोजण्याचा काय संबंध? विचारू नका. बाबा तसेच आहेत.

टिकली गेली आजीकडे. सुर्र सुर्र. आजी खिडकीशीच बसली होती, कापडाचे तुकडे पसरून. घरभर नवे पडदे करायचे होते ना! आठ दिवस झाले, बसलीच होती.

"आजी, आजी, रंग सांग.
बाबा मोजीनात,
आई आणीना,
काका शिवीनात,
दांडी घालीना,
टिकलीला लपायला जागा मिळेना!"

"अगं, माझं ठरेल तर मी सांगीन! स्वयंपाकघराला पिवळा. हळद उडाली तरी कळत नाही. निजायच्या खोलीला निळा. दुपारी छान डोळा लागतो. पण बाहेरच्या खोलीला? तांबडा?"

आई, बाबा, काका, सगळे बघायला जमले.

"जांभळा?"

कावळ्यानं गजांतून चोच आत घातली.

"हिरवा?"

"चुक चुक चुक!" टिकली घाबरून ओरडली.

आजीनं जमिनीवर बोट आपटलं. टक टक टक. "पाल बोलली! आपण बोलावं आणि पाल चुकचुकावी, म्हणजे ते खरंच. हिरवा!"

आजीपुढे कोण बोलणार? आणि पालीपुढे तर कुणीच नाही.

आजीनं रंग सांगितला.
बाबा खिडकीत चढले. कावळा भुर्र! पुन्हा तारेवर.
बाबांनी खिडकी मोजली.
आईनं कापड आणलं.
काकांनी पडदा शिवला. खर्रर्र खर्रर्र.
दांडीनं पडदा घातला. सळ्ळ!
आणि टिकली? सुर्र सुर्र, पडद्यामागे.

कावळा आला खिडकीत. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. नुसतं हिरवं हिरवं. "काव," म्हणाला आणि गेला.

आजी म्हणाली, "आता पायपुसणं कुठल्या रंगाचं घ्यावं? तपकिरी?"

सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं.

पडदा गप्प. टिकली गाढ झोपली होती.