टिटवी आणि मधली हवा

मुलांनो, एका उघड्याबोडक्या माळावर एक टिटवी राहत असे. टिटवी घरटे बांधत नाही, खड्यांमध्येच अंडी घालते. त्यामुळे अंड्यांना राखण एकच, तिचा गळा. कोणी फिरकले की ती 'टिटीव टिटीव' असा कल्ला करी आणि टिटवा धावून येई. गळा खणखणीत होता आणि त्याचा गर्वही तेवढाच. एखाद्या दिवशी वारा उलटा सुटला आणि टिटव्याला हाक ऐकू गेली नाही, की ती हवेवर खापर फोडी. "ही मेली मध्ये कडमडते! हवाच नसती तर माझा आवाज पार चंद्रापर्यंत गेला असता."

घिरट्या घालणारी घार म्हणाली, "बाई गं, आवाज स्वतःच्या पायांनी चालत नाही. आपण हवेला ढोसतो, ती पुढच्या हवेला ढोसते, तेव्हा कुठे तो कानाशी पोचतो. फार वर हवाच नाही, म्हणून तिथे सगळे चिडीचूप." पण ऐकेल ती टिटवी कसली! टिटव्याला म्हणाली, "तुम्ही खुशाल डबक्यावर पाणी पिऊन या. मी वरून पहारा करते."

मग ती उडाली ती उडालीच. खरी टिटवी इतकी उंच जात नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही; पण ही हट्टाला पेटली होती. हवा विरळ होत होत संपत आली, पंखांना धरायला काही उरेना. तेवढ्यात तिला दिसले, खाली एक कोल्हा खडे हुंगत अंड्यांकडे चालला होता. तिने जीव खाऊन आरोळी ठोकली. चोच उघडली, गळा थरथरला, पण तिचे तिलाच ऐकू आले नाही. टिटवा आपला निवांत पाणी पीत होता.

पंख मिटून, ओरडत ओरडतच ती दगडासारखी खाली आली. हवा दाटली तसा आधी बारीकसा चीत्कार उमटला, आणि आणखी खाली येताच तीच आरोळी माळभर घुमली. टिटवा झेपावला. दोघांनी टोचून टोचून कोल्ह्याला पिटाळले, पण चारांतले एक अंडे त्याने मटकावलेच.

"अगं, आधी का नाही ओरडलीस?" टिटव्याने विचारले.

"ओरडले हो," ती रडत म्हणाली, "पण ते तुमच्यापर्यंत आणून देणारे तिथे कोणीच नव्हते."

तात्पर्य : आपला शब्द दुसऱ्यापर्यंत पोचतो तो मधल्याच्या खांद्यावर बसून, त्या मधल्याला अडचण समजू नये.